हरिकेननंतर घर सुटलेल्या कुटुंबांसाठी दोन दिवसांचं बेकिंग

२५ ऑगस्ट २०१७च्या रात्री हार्वी हरिकेन टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकलं आणि त्यानंतर पुढे सरकायचं नावच घेईना. कित्येक दिवस ते ह्यूस्टनच्या आसपास घुटमळत राहिलं. टेक्सासमधल्याच नेदरलँड या गावी ६० इंचांहून जास्त, म्हणजे दीड मीटरच्या वर पाऊस मोजला गेला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तो दिवस ज्यांनी मुंबईत काढलाय त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. ह्यूस्टनमधल्या जॉर्ज ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं खाटांवर झोपत होती. ॲडिक्स आणि बार्कर या दोन जलाशयांचं पाणी पश्चिमेकडच्या वस्त्यांतून, जिथे आपली मराठी घरंही बरीच आहेत, लवकर हटत नव्हतं. पाऊस थांबल्यावरचा पहिला शनिवार-रविवार लेबर डेचा, सोमवारची सुट्टी जोडून आलेला. ज्यांची घरं कोरडी राहिली होती त्यांचे हात काहीतरी करायला शिवशिवत होते.

आम्हा मैत्रिणींना बेकिंग येत होतं, म्हणून आम्ही ते केलं. तेव्हा आणि त्यानंतरच्या वादळांत जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहिते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: आधी विचारा, मग पीठ काढा. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघाल्या आहेत.

शुक्रवार संध्याकाळ: ओव्हनआधी फोन

मोठ्या निवारा केंद्रांत घरी केलेलं अन्न सहसा घेत नाहीत. रेड क्रॉसच्या केंद्रांतही बाहेरून पॅकबंद आलेलं किंवा परवाना असलेल्या स्वयंपाकघरात झालेलंच अन्न चालतं. हजारो माणसं एका छताखाली असताना एका डब्यातून पोट बिघडलं तर काय होईल, याचा विचार करून केलेला तो नियम आहे आणि मला तो पटतो. त्यामुळे पन्नास केक घेऊन थेट तिथल्या दारात जाऊ नका.

मग कुणासाठी करायचं? खरी गरज निवारा केंद्राबाहेर विखुरलेली असते. नातेवाइकांच्या दोन खोल्यांत दोन कुटुंबं राहतात, त्या यजमान घराचा किराणा चार दिवसांत संपतो. फेमा या सरकारी आपत्ती-मदत संस्थेच्या मदतीवर हॉटेलात राहणारी कुटुंबं आठवडेच्या आठवडे एका खोलीत काढतात, तिथे फार तर एक छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो. चर्च, मंदिरं, मशिदी, गुरुद्वारे इथल्या छोट्या छावण्यांना नाश्त्याचं काही हवं असतं. आणि बुडालेली घरं उपसणारे लोक दिवसभर रस्त्यावरच असतात. हार्वीच्या वेळी ह्यूस्टन विद्यापीठात सुमारे २०० भारतीय विद्यार्थी अडकल्याचं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्वीट केलं होतं. अशा मुलांची गरज पुन्हा वेगळी, त्यांच्यातल्या अनेकांना बिनअंड्याचं लागतं.

फोन करायचं काम एकीनेच घ्यावं. सगळ्या जणी फोन करत सुटल्या की त्याच कुटुंबाला पाच फोन जातात, आणि घर गमावलेल्या माणसाला तीच कहाणी पाच वेळा सांगावी लागते. विचारायचं ते एका कागदावर लिहून ठेवा: माणसं किती, लहान मुलं किती वयाची, कुणाला कशाची ॲलर्जी, काय खात नाहीत, फ्रिज-मायक्रोवेव्ह आहे का, किती वाजता आलेलं चालेल. शेवटी एक प्रश्न नक्की विचारा, ‘सध्या तुमच्याकडे काय जास्त झालंय?’ पहिल्या आठवड्यात चॉकलेट चिप कुकीज जिकडेतिकडे साठतात आणि साधा पाव कुणाकडेच नसतो, हे या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळतं.

एखाद्या संस्थेमार्फत देणार असाल तर १९९६चा बिल इमर्सन कायदा माहीत असू द्या. ना-नफा संस्थेला सद्‌भावनेने दिलेल्या खाण्याजोग्या अन्नाबद्दल तो देणाऱ्याला संरक्षण देतो. घोर निष्काळजीपणाला मात्र त्यात माफी नाही, आणि संस्थेचे स्वतःचे नियम असतील तर ते पाळायचेच.

कुणाच्या घरी करायचं

सगळी वादळं सारखी नसतात. हार्वीत ह्यूस्टनच्या बहुतेक घरांत वीज टिकली आणि रस्ते पाण्याखाली गेले. जुलै २०२४मधल्या बेरीलनंतर रस्ते लवकर मोकळे झाले, पण वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस आली नाही. म्हणून घर निवडताना आधी वीज बघा. गॅसचा ओव्हन आहे म्हणजे झालं असं समजू नका. हल्लीच्या बहुतेक गॅस ओव्हनला पेट घ्यायलाही वीज लागते. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि वादळानंतर त्याने दरवेळी बळी जातात.

नंतर पाणी. हार्वीत बोमाँट शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला होता. तुमच्या भागात पाणी उकळून वापरण्याची सूचना लागू असेल तर कणीक मळायला, हात धुवायला आणि भांडी विसळायला बाटलीबंद किंवा खळखळून एक मिनिट उकळलेलं पाणीच घ्या. त्यापेक्षा सूचना लागू नसलेल्या भागातलं घर शोधणं बरं.

घरात वीज गेली होती का हेही विचारा. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर त्यातलं दूध, दही, अंडी या कामासाठी धरू नका. पुराचं पाणी लागलेलं पिठाचं पोतं किंवा पुठ्ठ्याचा डबा वरून कोरडा दिसला तरी टाकून द्यायचा.

एका स्वयंपाकघरात आठ जणी असण्यापेक्षा दोन घरांत चार-चार जणी चांगल्या. एका घरात पाव, दुसऱ्यात गोड, म्हणजे ओव्हनसाठी भांडण नाही. गेल्या दोन दिवसांत कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर तिने त्या दिवशी घरातच राहावं. फोन आणि यादी सांभाळण्याचं काम तिला घरून करता येतं. बुडालेलं घर उपसून आलेल्या माणसाने अंघोळ करून, कपडे बदलूनच पिठाला हात लावायचा. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं.

काय करायचं आणि काय नाही

फ्रिजशिवाय टिकणारं, ताट-चमच्याशिवाय खाता येणारं, कमी चुरा पडणारं करा. क्रीमचा केक, कस्टर्ड, चीजकेक, ताज्या फळांचं टार्ट ही यादीच नको. सप्टेंबरात ह्यूस्टनचं तापमान नव्वद अंश फॅरनहाइटच्या पुढे असतं, गाडीत त्याहून जास्त. चॉकलेटचं आयसिंग दारात पोचेपर्यंत वितळून जातं. खारीला आपल्या सगळ्यांच्या मनात जागा आहे, पण हॉटेलच्या पलंगावर बसून खाणाऱ्याच्या अंथरुणात तिचा भुगा होतो. दाणे, काजू, बदाम, अक्रोड कशातच घालू नका.

तीन पदार्थांवर माझा भर आहे: पाव, केळ्याचे मफिन आणि नानकटाई. तिन्ही बिनअंड्याचे. साधा पाव मी पहिला लिहिला तो मुद्दाम. गोड सगळेच आणतात, पण त्यावर चार दिवस कोण काढणार? पावाबरोबर पीनट बटर, चीज, डाळ, सूप, जे हाताशी असेल ते खाता येतं. ह्यूस्टनमधल्या ‘एल बोलियो’ या मेक्सिकन बेकरीतले कामगार हार्वीच्या पुरात बेकरीतच अडकले, तेव्हा त्यांनी त्या दोन दिवसांत चार हजार पौंडांहून जास्त मैद्याचे पाव आणि गोड पाव भाजले आणि ते गरजूंना वाटले. हाताशी पीठ होतं, भट्टी चालू होती, आणि लोकांना काय लागणार हे त्यांना बरोबर माहीत होतं.

वीस कुटुंबांसाठी प्रत्येकी सहा पाव, चार मफिन, सहा नानकटाया असा हिशोब धरला तर खरेदी अशी: पावासाठी ५ किलो ब्रेड फ्लोअर, मफिन आणि नानकटाईसाठी पावणेतीन किलो साधा मैदा, सव्वा ते दीड किलो साखर, वेगळी ८०० ग्रॅम पिठीसाखर, ७० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १ किलो तूप, सव्वा लिटर तेल, पाव-पाव किलो बेसन आणि रवा, ९०० ग्रॅम दही, आणि दोन डझन पिकलेली केळी. वादळानंतर दुकानांतून सगळ्यात आधी दूध, पाव आणि यीस्ट नाहीसं होतं. म्हणून हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू झाला की मी यीस्टचं एक मोठं पाकीट फ्रीझरमध्ये टाकून ठेवते. तेल कॅनोला किंवा सूर्यफुलाचं घ्या. इथे नुसतं ‘व्हेजिटेबल ऑइल’ लिहिलेली बाटली बहुधा सोयाबीनची असते, आणि सोयाबीनची काहींना ॲलर्जी असते.

शनिवार: आधी टिकाऊ, मग नाजूक

नानकटाई आठवडाभर सहज टिकते म्हणून तिचा नंबर पहिला. लहानपणी सुट्टीत रवा-मैदा-तूप-साखर घेऊन बेकरीत बिस्किटं भाजून आणलेली असतील तर हे प्रमाण नवं वाटणार नाही. एका घाण्याला २०० ग्रॅम मऊ तूप आणि १६० ग्रॅम पिठीसाखर पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसा. त्यात २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम रवा, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि वेलची घालून हलक्या हाताने गोळा करा. मळायचं नाही. तूप पातळ झालं असेल तर ओव्हनमध्ये नानकटाई पसरते. ओलसर गरम हवेत हे नेहमी होतं, म्हणून गोळे वळल्यावर ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पंचवीस ग्रॅमचा गोळा, साधारण सव्वीस नग, ३३५ अंश फॅरनहाइटला सोळा ते अठरा मिनिटं. वरून फिकट आणि बुडाला सोनेरी दिसली की काढा. गरम असताना ती मऊच लागते, आणखी भाजायचा मोह आवरा. वर लिहिलेल्या खरेदीत असे पाच घाणे होतात.

दुपारी मफिन. बारा नगांना तीन मोठी, साल काळी पडलेली केळी कुस्करून घ्या. त्यात १५० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर तेल आणि १२० ग्रॅम दही फेटा. २५० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ एकत्र चाळून त्यात घाला आणि पिठाच्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा. जास्त ढवळलं तर मफिन चिवट होतात. ३७५ अंशाला वीस मिनिटं. केळी पिकलेली नसतील तर सालीसकट ट्रेवर ठेवून ३०० अंशाला काळी पडेपर्यंत भाजा, गर मऊ आणि गोड होतो. असे सात घाणे काढायचे. सोडा घातलेलं मिश्रण वाट बघत ठेवायचं नाही, ओव्हन रिकामा झाल्यावरच पुढचा घाणा कालवा.

सगळं जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, कमीत कमी दोन तास. इथे घाई करायची नाही. कोमट मफिन पिशवीत बंद केला की आत वाफ धरते, आणि हॉटेलच्या दमट खोलीत दुसऱ्याच दिवशी त्याला बुरशी दिसते. जे कुटुंब आधीच भिंतींवरच्या बुरशीशी झगडतंय, त्यांच्या हातात ते जाता कामा नये.

रविवार सकाळ: पाव

पाव त्याच दिवशीचा हवा, म्हणून पहाटे उठायचं. एका घाण्याला १ किलो ब्रेड फ्लोअर, १४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, १८ ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम तेल आणि ६०० ते ६४० मिलिलिटर कोमट पाणी. दूध घालायचं नाही, म्हणजे दुधाची ॲलर्जी असलेल्यालाही तो खाता येतो. वादळानंतरच्या दमट हवेत पीठ आधीच ओल धरतं. आधी ६०० मिलिलिटरच घाला आणि उरलेलं पाणी लागेल तसं. मिक्सरवर किंवा परातीत दहा-बारा मिनिटं मळा. छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला पाहिजे.

झाकून दुप्पट होऊ द्या. पुस्तकात तास लिहिला असेल, पण एसी बंद असलेल्या स्वयंपाकघरात चाळीस मिनिटांतही फुगतं, म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. ७५ ग्रॅमचे चोवीस गोळे घट्ट वळा आणि ९ बाय १३ इंचांच्या दोन ॲल्युमिनियम ट्रेमध्ये बारा-बारा लावा. हे फेकून देण्याजोगे ट्रे गरम झाल्यावर वाकतात, म्हणून खाली पक्का ट्रे ठेवा. गोळे एकमेकांना टेकले की ३७५ अंशाला वीस-बावीस मिनिटं. मधल्या पावात थर्मामीटर खुपसल्यावर १९० अंश दाखवायला हवेत. मधला पाव वरून छान लाल होऊनही आत कच्चा राहू शकतो, म्हणून या कामात थर्मामीटर हवाच. बाहेर काढल्यावर वरून तेलाचा हात फिरवा, लोणी नको.

पाच घाणे म्हणजे दहा ट्रे. दोन ओव्हनमध्ये एका वेळी दोन-दोन ठेवले तर तीन फेऱ्यांत होतात. पुढचा घाणा अर्ध्या तासाच्या अंतराने मळत राहा, नाहीतर सगळं पीठ एकदमच फुगून बसेल आणि ओव्हन अडलेला असेल.

बांधणी आणि लेबल

प्रत्येक कुटुंबाचा एक पुडा: पाव एका पिशवीत, मफिन वेगळे, नानकटाई वेगळी. परत करावा लागेल असा डबा कधीच देऊ नका. स्वतःचं सामान कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यावर तुमचा डबा सांभाळायचं ओझं कशाला?

घर उपसणाऱ्यांसाठी बांधणी निराळी. हार्वीनंतर गल्लोगल्ली भिजलेल्या भिंतींचे तुकडे, गाद्या, गालिचे यांचे डोक्याएवढ्या उंचीचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. मास्क लावलेली माणसं हातमोजे काळे होईपर्यंत आत काम करत होती. हात धुवायला पाणी नाही, मोजे काढायला सवड नाही. अशांना एकेक पाव बटर पेपरात असा गुंडाळा की खालचा अर्धा भाग कागदातच राहील आणि कागद धरूनच खाता येईल. आत जॅम लावलात तर फारच उत्तम.

लेबल इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत लिहा. ह्यूस्टनच्या काही भागांत व्हिएतनामीही लागतं. पदार्थाचं नाव, त्यातला एकूणएक जिन्नस, भाजल्याची तारीख, आणि कधीपर्यंत खायचं: पाव दोन दिवस, मफिन तीन, नानकटाई आठवडा. अमेरिकेत लेबलवर सांगावे लागणारे नऊ ॲलर्जीकारक गट म्हणजे दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३पासून तीळ. यांपैकी जे आहे ते ठळक लिहा. घरात एरवी दाणे-तीळ वापरत असाल, आणि आपल्या घरांत ते असतातच, तर तेही लिहा: ‘कृतीत नाहीत, पण स्वयंपाकघरात वापरले जातात.’ बेसन वेगळं नोंदवा, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना हरभऱ्याचाही त्रास होतो. एका हॉटेलच्या खोलीत एक आई लेबलवरून बोट फिरवत ओळ न् ओळ वाचत होती आणि मुलगा हात पुढे करून थांबला होता. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, तिने मान हलवली, आणि मगच त्याला मफिन मिळाला.

पुड्यावर मंडळाचं नाव, देवाचं चित्र, संदेश काही नको. आणि घेणाऱ्यांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत. कुणी कितीही चांगल्या हेतूने सांगितलं तरी नाही.

पोचवायला जाताना

निघण्याआधी टेक्सासच्या परिवहन विभागाचा रस्त्यांचा नकाशा बघा. वाहतं पाणी बारा इंच असलं तरी छोटी गाडी ओढून नेतं, आणि सहा इंचांतही माणसाचा तोल जातो. रस्त्यावर पाणी दिसलं तर वळून परत या, पाव उद्याही देता येईल. संचारबंदीची वेळही विचारून ठेवा. हार्वीत ह्यूस्टनमध्ये मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत होती.

दोघींनी मिळून जा आणि निघताना फोन करा. दारातच पुडा द्या. आत बोलावलं तर जा, नाहीतर दोन मिनिटांत परत फिरा. ‘काय काय गेलं?’ हे विचारू नका. त्यांना बोलायचं असेल तर ते आपणहून बोलतील, तेव्हा उभं राहून सगळं ऐका.

त्यानंतरचे शनिवार

लेबर डेच्या आठवड्यात मदतीचा ओघ एवढा असतो की काही ठिकाणी अन्न वाया जातं. सप्टेंबरच्या शेवटी स्वयंसेवक कामावर परतलेले असतात, आणि कुटुंबं मात्र त्याच हॉटेलात, त्याच खोलीत. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्याच शनिवार-रविवारी सगळी ताकद खर्च करू नका. वीस कुटुंबांना एकदा देण्यापेक्षा पाच कुटुंबांना दोन महिने दर शनिवारी द्या. दुसऱ्या खेपेपासून त्यांनाच विचारा काय हवं. उत्तर कधी ‘बिनसाखरेचं’ असतं, कधी ‘मुलाच्या वाढदिवसाचा केक’, आणि कधी ‘खाणं नको, कपडे धुवायच्या मशीनसाठी क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी हवीत’. मग क्वार्टरची पिशवी न्या.

भाड्याचं घर मिळालं की ओव्हन मिळतो, पण त्यात ठेवायला काही नसतं. तेव्हा तयार पाव बंद करा आणि त्याऐवजी एक पक्का ट्रे, ब्रेडचा एक साचा, मोजायचे कप, मैदा, यीस्ट आणि तुमची कृती असा खोका द्या. हा खोका जूनमध्येच भरून ठेवता येतो, मैदा आणि यीस्ट तेवढं ऐन वेळी घालायचं.